दोषाचा ठावठिकाणा

मराठी भाषेत 'दोष' हा शब्द दोन क्रियापदांशी विशेष सलगीने वागतो. दोष देता येतो आणि दोष शोधताही येतो. यांपैकी पहिली क्रिया आबालवृद्धांस सहजसाध्य आहे. तिला साधन लागत नाही, शिक्षण लागत नाही, आणि ती जेवता जेवताही उरकता येते. दुसरीस वेळ लागतो, कागद-पेन्सिल लागते, आणि ज्याच्यावर आपला आधीपासूनच राग आहे तो शेवटी निर्दोष निघण्याची मनाची तयारी ठेवावी लागते. विद्यार्थ्यांचे निबंध तपासून दोष दाखविण्याच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. तरीही या दोन क्रियांमध्ये केवढे अंतर आहे, हे गेल्या हिवाळ्यात घराच्या मागील पडवीत पुतण्याच्या यंत्रापाशी बसू लागेपर्यंत आम्हांस इतके स्पष्टपणे कधी दिसले नव्हते.

यंत्राची ओळख आधी करून दिली पाहिजे, कारण आमच्या पिढीतील पुष्कळ वाचकांस ते पाहावयास मिळाले नसेल. त्याला सी.एन.सी. राउटर म्हणतात. लोखंडी चौकटीवर उजवी-डावीकडे, पुढे-मागे व वर-खाली सरकणारे एक कोरणे. आणि त्याने कोणत्या क्षणी कोठे असावे हे सांगणारी अंकांची एक लांबलचक यादी. या कुळाचा मूळपुरुष 1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञानसंस्थेत लोकांस दाखविण्यात आला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार बिनचूक कसे साधावेत, या विवंचनेतून जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदारास ती कल्पना सुचली होती. ते यंत्र भोके पाडलेल्या फितीवरून हुकूम वाचीत असे आणि त्याचा मेंदू निर्वात नळ्यांनी भरलेला होता. आज तेच काम आर्डुइनो नावाची, तळहातावर मावणारी एक निळी पट्टी करते. आणि तिला ते काम शिकविणारी ग्रबल नावाची आज्ञावली 2009 साली नॉर्वेमधील एका गृहस्थाने लिहिली, ती जगास फुकट मिळते. म्हणूनच कोल्हापुरातील एका जुन्या घराच्या पडवीत असले यंत्र उभे राहू शकले.

हे उभे करणारे आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव. पदविका घेऊन एका कारखान्यात दोन वर्षे नोकरी केली, ती सोडली, आणि वडिलांकडून साठ हजार रुपये उसने घेऊन हे यंत्र जुळविले. बंधू बँकेत अधिकारी आहेत. उसने दिलेल्या पैशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पित्याची कमी व बँकेची अधिक आहे, असे आमच्या वहिनींचे मत आहे. आम्ही त्यावर अभिप्राय देत नाही. मुलास पहिले मोठे काम मिळाले ते एका गृहसंस्थेच्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या सागवानी नामपाट्यांचे, आणि मुदत होती गुढीपाडव्याची. महिनाभर हाती होता. पहिल्या आठवड्यात पाच पाट्या धड झाल्या आणि नऊ वाया गेल्या. सागवान फुकट मिळत नाही.

पाट्या वाया जाण्याची तऱ्हा विलक्षण होती. कधी यंत्र ऐन अक्षराच्या मध्यावर थबके आणि आपण सीमेस भिडलो असल्याचे संगणकाच्या पडद्यावर जाहीर करी. प्रत्यक्षात सीमा तेथून वीतभर दूर असे. कधी ते मुळीच थबकत नसे, पण अर्धी पाटी झाल्यावर सगळेच दोन-तीन मिलिमीटर डावीकडे सरकलेले आढळे. देवनागरीत याचे फळ फार मासलेवाईक मिळते. अक्षरे आधी कोरली गेली व शिरोरेखा मागाहून आली, म्हणजे ती कोणाच्याही डोक्यावर नीट बसत नाही. आणि 'पाटील' या नावातील वेलांटी शेजारच्या 'ल' वर हक्क सांगू लागते. एवढ्यावरून ते आडनाव कोर्टकचेरीच्या भानगडीत सापडल्यासारखे दिसू लागे.

मग घरात दोष देण्यास प्रारंभ झाला. बंधूंच्या मते दोष मुलाच्या धरसोडीचा. शेजारच्या निवृत्त अभियंत्यांच्या मते चिनी मालाचा. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराच्या मते आमच्या गल्लीतील विजेच्या दाबाचा. आमच्या वृद्ध मावशींनी यंत्राची दृष्ट काढावी असे सुचविले. आणि या चारही मतांत पुराव्याच्या दृष्टीने तिळमात्र फरक नव्हता, हे त्या माउलीच्या बाजूने सांगितले पाहिजे. खुद्द पुतण्याचा मार्ग निराळा होता. तो काही बोलत नसे. एका संध्याकाळी तो मोटर चालविणारा ड्रायव्हर बदली, आज्ञावली नवी घाली, पट्टीही दुसरी बसवी, आणि सकाळी यंत्र दोन तास बरे चालले की त्यांपैकी कशामुळे बरे चालले हे त्याचे त्यालाही सांगता येत नसे. शिवाय ड्रायव्हर जळत होते. शे-दीडशे रुपयांची ती बोटभर वस्तू. पण तीन आठवड्यांत चार जळल्या, आणि प्रत्येक वेळी जळालेल्या वस्तूवरच नाठाळपणाचा ठपका ठेवण्यात आला.

आम्हांस विजेचे ज्ञान महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापुरते. म्हणून आम्ही आमच्या विषयाला शोभेल एवढेच काम मागून घेतले : यंत्राची रोजनिशी लिहिणे. यंत्र बिघडले की वेळ टिपावी, बिघाडाचा प्रकार टिपावा, कोरणे त्या क्षणी कोठे होते ते पडद्यावरील आकड्यांवरून टिपावे, आणि घरात त्या वेळी दुसरे काय चालू होते तेही टिपावे. मात्र चार दिवस कोणी कशासही हात लावावयाचा नाही. ही शेवटची अट पुतण्यास फार जाचली. "काका, चार दिवस नुसते बघत बसायचे?" असे तो म्हणाला. ऐन अडचणीत स्वस्थ बसून पाहणे हे तरुण माणसास उपोषणाइतकेच कठीण जाते.

चार दिवसांनी वहीत सतरा नोंदी झाल्या आणि त्या वाचताच एक गोष्ट लख्ख झाली. आम्ही सर्व जण ज्याला 'बिघाड' म्हणत होतो तो एक नव्हता. एकाच नावाखाली दोन चोर वावरत होते. सीमेचा खोटा गजर झाला होता अकरा वेळा, आणि त्या प्रत्येक वेळी लाकूड कोरणारा ट्रिमर सुरू होता. त्यांतही चारदा तर कोणी भुसा ओढण्याचे यंत्र सुरू केले त्याच क्षणी गजर झाला होता. ट्रिमर बंद ठेवून यंत्र नुसते हवेत फिरविले असता गजर एकदाही नाही. उलट अक्षरे सरकण्याचे सहाही प्रकार कोरणे उजव्या टोकाकडे असताना घडले होते, आणि ट्रिमर सुरू असो वा बंद, त्यास पर्वा नव्हती. दोन चोरांच्या पावलांचे ठसे एकमेकांत मिसळल्यामुळे इतके दिवस तिसऱ्याच कोणाचा तरी पाय शोधण्यात गेले होते.

येथे आम्हांस एका जुन्या प्रकरणाची आठवण होते. 1858 च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार यशस्वीपणे टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांस पोहोचला, रोषणाई झाली, आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. कंपनीचे वीजतज्ज्ञ व्हाइटहाउस हे व्यवसायाने वैद्य. अशक्त रोग्यास मात्रा वाढवून द्यावी तशी त्यांनी तारेत सुमारे 2,000 व्होल्टांची वीज सोडली होती. त्यांस काढून टाकण्यात आले, आणि सगळे खापर त्यांच्या माथी फुटले. पुढे रीतसर चौकशी बसली. तिचा अहवाल 1861 साली निघाला, तेव्हा चित्र पालटले. तांब्याची तार भोवतालच्या गटापर्चाच्या वेष्टनात जागोजाग मध्यापासून ढळलेली होती, तार उन्हात पडून वेष्टन मऊ झाले होते, उत्पादनाची तपासणी धड नव्हती. व्हाइटहाउस यांनी मरणासन्नास धक्का दिला हे खरे. पण रोग त्यांच्या आधीचा होता. या चौकशीतून जो धडा घेतला गेला त्यामुळे 1866 ची तार टिकली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्यासारखी माणसे किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजून समुद्रतळाशी दोष किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधू लागली. व्हाइटहाउस यांस नुसते काढून टाकून कंपनी स्वस्थ बसती, तर पुढची तारही तशीच तयार झाली असती.

असो. पुन्हा पडवीत येऊ. आधी अक्षरे सरकविणारा चोर धरावयाचा होता. या यंत्रातील मोटरी 'स्टेपर' जातीच्या. साधी मोटर वीज मिळताच धावत सुटते. ही हुकुमागणिक एकेक पाऊल टाकते. पूर्ण फेऱ्यास 200 पावले. त्या प्रत्येकाचे आठ भाग केले की 1600. आणि फेऱ्यागणिक 8 मिलिमीटर सरकविणारा स्क्रू जोडला की मिलिमीटरास 200 बारीक पावले पडतात. योजना सुरेख आहे. मात्र सांगितलेले पाऊल प्रत्यक्ष पडले की नाही, हे पाहण्याची सोय असल्या स्वस्त यंत्रांत नसते. वरिष्ठ हुकूम मोजतो, पावले मोजीत नाही. दोनशे पावले वाटेत गळाली तरी पडद्यावरील आकडा आत्मविश्वासाने पुढेच जात राहतो. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या मोटरीस चार तारा असतात, दोन वेटोळ्यांच्या. त्यांपैकी एकीचाही संबंध क्षणभर तुटला की मोटर जागच्या जागी थरथरते, आणि पावले गळतात. पुतण्याने मल्टिमीटरने चारही तारा तपासल्या होत्या. चारही वेळा मीटर खुशाल वाजला होता. "मीटर तर वाजतोय काका, तार शाबूत आहे." आता एकेक गोष्ट बदलण्याचे ठरले, आणि प्रत्येक बदलापूर्वी वीज बंद करण्याचे. प्रथम उजव्या-डाव्या व पुढच्या-मागच्या मोटरींचे ड्रायव्हर परस्परांत बदलले. दोष होता तेथेच राहिला. ड्रायव्हर निर्दोष सुटला. मग जुनी तार सोडून नवी तार जमिनीवरून मोकळी अंथरली. दोष नाहीसा झाला. म्हणजे गुन्हेगार जुन्या तारेतच दडला होता, जिला मीटरने दोनदा चारित्र्याचा दाखला दिला होता!

ती तार आम्ही कापून पाहिली. बाहेरचे लाल आवरण अगदी अभंग. कोरण्याबरोबर तारा वळविणारी जी प्लॅस्टिकची साखळी असते, तिच्या वळणावर, आतील तांब्याचे तंतू एक सोडून सर्व तुटलेले. यंत्र डावीकडे असताना तुटलेली टोके एकमेकांस टेकत. उजवीकडे जाताच वळण घट्ट होई आणि ती दूर होत. मीटर तपासताना जेमतेम एखादा मिलिअँपिअर प्रवाह सोडतो, त्यास एक तंतू पुष्कळ होतो. मोटरीस दीड अँपिअर लागतो. नुसत्या विचारपुशीस 'ठीक आहे' म्हणणारा माणूस ओझे पडताच कोसळतो, तशातला हा प्रकार. ड्रायव्हर का जळत होते हेही येथेच उलगडले. वाहत्या प्रवाहात मोटरीची तार तुटली की वेटोळ्यातील उसळी ड्रायव्हरवर उलटते. जो चार वेळा आरोपी ठरला, तो चारही वेळा बळी होता.

ओघात आणखी एक गोष्ट सापडली. ड्रायव्हरकडे जाणाऱ्या तारांची टोके पुतण्याने मोठ्या निगुतीने सोल्डर लावून घट्ट केली होती आणि मग ती स्क्रूखाली आवळली होती. दिसावयास काम देखणे. परंतु सोल्डर ही मऊ धातू. स्क्रूच्या दाबाखाली ती हळूहळू पसरते आणि महिन्याभरात पकड सैल पडते. सुटे तंतू तसेच, किंवा वर नळीसारखी टोपी चढवून आवळावेत, ही कारागिरांची रीत आहे. काळजी न घेतल्याने जेवढे बिघडते त्याहून थोडेसेच कमी चुकीच्या जागी काळजी घेतल्याने बिघडते.

आता दुसरा चोर, खोटा गजर देणारा. हा आम्हांस अधिक आवडला. यंत्राच्या प्रत्येक सीमेवर एक लहानशी कळ असते, लिमिट स्विच. ती दोन प्रकारे जोडता येते. एका प्रकारात मंडल एरव्ही उघडे असते; सीमा लागली की जुळते. दुसऱ्यात मंडल सदैव जुळलेले असते, प्रवाह अखंड वाहतो, आणि सीमा लागली की तुटते. प्रथमदर्शनी दोन्ही सारखेच. पुतण्याने सोपा म्हणून पहिला स्वीकारला होता. परंतु उघड्या मंडलाची लांबलचक तार ही अधांतरी लोंबणाऱ्या माणसासारखी असते. आर्डुइनोच्या पोटातील 20 ते 50 हजार ओहमांचा एक दुबळा रोध तिला कसाबसा धरून ठेवतो. शेजारून, त्याच साखळीतून, ट्रिमरची तार जात होती. ट्रिमरच्या कोळशाच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात, आणि त्यांचा गलबला शेजारच्या तारेत उतरतो. सीमा आली, असे त्या बिचारीस वाटे. जुळलेले मंडल मात्र जमिनीशी घट्ट बांधलेले असल्यामुळे असल्या गलबल्यास सहसा भीक घालीत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. उघड्या मंडलाची तार मधेच तुटली तर काय होते? काहीच होत नाही. यंत्र शांत राहते, आणि ज्या दिवशी खरोखर सीमा येईल त्या दिवशी चौकटीवर जाऊन आदळते. जुळलेल्या मंडलाची तार तुटली तर यंत्र त्याच क्षणी थांबते व ओरडते. पहिल्यात शांततेचे दोन अर्थ होतात, सर्व ठीक आहे किंवा निरोप आणणाराच मेला आहे, आणि ते वेगळे करता येत नाहीत. रेल्वेवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखले. जुन्या सिग्नलाची ओढतार तुटली की वजनाच्या भाराने त्याचा हात आपोआप आडवा होई, आणि आडवा हात म्हणजे धोका. 1872 साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतूनच अखंड प्रवाह खेळविण्याची युक्ती काढली. गाडी आली, रूळ तुटला वा बॅटरी संपली, काहीही झाले तरी सिग्नल धोकाच दाखवी. त्याच वर्षी वेस्टिंगहाउस यांचा स्वयंचलित ब्रेक आला. त्याच्या नळीत हवेचा दाब सदैव भरलेला असे, आणि नळी फुटली की ब्रेक लागत.

हे वाचून दाखवीत असताना आमच्या मनात एक विचार येऊन गेला, तो अप्रस्तुत असला तरी लिहितो. गेले वर्षभर आमचे बंधू आपल्या मुलाविषयी विचारले असता सांगत : "तो काही बोलत नाही, म्हणजे चालले असेल त्याचे." घरातील जोडणीही बहुधा पहिल्याच प्रकारची होती.

दुरुस्तीचा तपशील थोडक्यात सांगतो. कळा सगळ्या जुळलेल्या मंडलाने एकामागोमाग जोडल्या; ग्रबलला ते कळावे म्हणून एका ठिकाणचा 0 बदलून 1 केला. कळांची तार जाळीदार आवरणाची घेतली आणि ती ट्रिमरच्या तारेपासून वेगळी नेली. मोटरीसाठी साखळीतील सततचे वळण सोसणारी बारीक तंतूंची तार आणली. आवरणाची जाळी एका टोकास अर्थिंगला जोडावयाची, तेव्हा मात्र एक कौतुक निघाले. पडवीतील विजेच्या खोबणीस तीन भोके होती, पण तिसऱ्यामागे तारच नव्हती. आमच्या तीर्थरूपांच्या काळापासून ते केवळ शोभेसाठी होते. यंत्राच्या चौकटीस हात लावला की कधी कधी झिणझिण्या येत, आणि त्याचे श्रेय आजवर ओल्या फरशीस मिळत असे. वायरमनला बोलावून रीतसर अर्थिंग करून घेतले. यंत्र जुळविणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी करावयाचे काम हेच आहे, आणि घरोघर ते शेवटी होते किंवा होतच नाही. येथे प्रश्न पाट्यांचा नसून जिवाचा असतो.

दुरुस्तीनंतर सलग तीन दिवस यंत्र चालले. पाडव्याच्या दोन दिवस आधी अठ्ठेचाळीसावी पाटी उतरली. त्या रात्री बंधू प्रथमच पडवीत आले. पाट्यांवरून त्यांनी हात फिरविला, एका शिरोरेखेपाशी अंगठा थांबविला, आणि मग विचारले, "म्हणजे चूक नक्की कुणाची होती?"

"तारेची, बाबा," पुतण्या म्हणाला. "आणि साखळीत तसली तार मीच घातली होती. मला वाटलं, चालेल."

कापलेल्या तारेचा तुकडा टेबलावर पडला होता. बंधूंनी तो उचलून चश्म्याजवळ नेला, आवरण बोटांनी मागे सारून आतला एकुलता तंतू बराच वेळ न्याहाळला. नंतर नवी तार मीटरामागे काय भावाने मिळते, ते विचारले; आणि उत्तर मिळाल्यावर, जादा आणून ठेव, असे सांगून ते जेवावयास गेले.

रोजनिशी अद्याप सुरू आहे. वर-खाली नेणारी मोटर अलीकडे अधूनमधून कुंथल्यासारखा आवाज करते. त्याच्या आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत : दोन सकाळच्या, एक दुपारची, ट्रिमर तिन्ही वेळा बंद. पुतण्यास संशय जोडणीचा आहे, शेजारच्या अभियंत्यांस अर्थातच चिनी मालाचा. आम्ही आणखी सहा-सात नोंदी होण्याची वाट पाहत आहोत.